शिक्षकाची व्यावसायिक नीती : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक प्रस्तावना

एखाद्या व्यवसायातील माणसे आपल्या कामासंबंधी स्वतःवर जी बंधने घालून घेतात, त्यांना व्यावसायिक नीती म्हणतात. कायदा बाहेरून लागू होतो आणि मोडला तर शिक्षा करतो. नीती व्यवसायाच्या आतून येते. कोणी पाहत नसताना, तक्रारीची शक्यता नसतानाही ती पाळायची असते. वकिलांना बार कौन्सिल आहे, डॉक्टरांना वैद्यक परिषद आहे, आणि गंभीर गैरवर्तन सिद्ध झाले तर या संस्था व्यवसाय करण्याचा परवानाच काढून घेऊ शकतात. शिक्षकांसाठी महाराष्ट्रात अशी नोंदणी परिषद नाही. शिक्षकावर नियंत्रण ठेवतो तो त्याचा नियोक्ता : जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा खासगी संस्था. त्यामुळे ‘नोकरीचे नियम’ आणि ‘पेशाची नीती’ या दोन गोष्टी शिक्षकांच्या बाबतीत वारंवार एकच मानल्या जातात. त्या वेगळ्या का आहेत, हे समजावून सांगणे हा या प्रस्तावनेचा मुख्य हेतू आहे.

शिक्षकाच्या कामाची काही वैशिष्ट्ये इतर व्यवसायांत आढळत नाहीत. रुग्ण डॉक्टर बदलू शकतो, पक्षकार वकील बदलू शकतो. पाटण तालुक्यातील डोंगरावरच्या वाडीत द्विशिक्षकी शाळा असेल, तर तिथल्या पहिलीच्या मुलाला शिक्षक बदलता येत नाही. आपल्याला नीट शिकवले जात आहे की नाही, हे त्याला कळतही नाही. ते कळण्यासाठी लागणारी बुद्धी घडवण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले आहे, त्याच्याच कामाचा तो निवाडा असतो. वर्गात शिक्षक एकटा असतो. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी शाळेला भेट देतात ते वर्षातले मोजके दिवस. उरलेल्या दिवसांत फळ्यासमोर काय घडते, याचे साक्षीदार फक्त मुलेच. शिवाय शिक्षकाच्या चुकीचा परिणाम लगेच दिसत नाही. तिसरीत भागाकार न समजलेला मुलगा नववीत गणित सोडतो, तेव्हा तिसरीतल्या शिक्षकाकडे कोणी जाब मागायला जात नाही. ग्राहक निवड करू शकत नाही, काम एकांतात चालते आणि परिणाम वर्षांनंतर उमटतो. या तिन्हींमुळे शिक्षकी पेशात बाहेरची देखरेख फार थोडी पुरते आणि बाकीचा भार नीतीवर येतो.

कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत या विषयाची चर्चा गेली दीडशे वर्षे कोणत्या ना कोणत्या रूपाने चालू आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, तर त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी त्याच जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. दोघांचे शिक्षणकार्य पुण्यात 1848 पासून उभे राहिले. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकांविषयी जे म्हटले, ते आजही लक्षात घेण्यासारखे आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातून यावेत, गावच्या लोकांत मोकळेपणाने मिसळणारे असावेत आणि त्यांना पुरेसा पगार मिळावा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षकाची योग्यता ठरवताना त्याचे ज्ञान आणि मुलांच्या समाजाशी असलेले त्याचे नाते या दोन्हींचा विचार करावा लागतो, आणि चांगल्या वर्तनाची अपेक्षा ठेवणाऱ्याने चांगल्या वेतनाची जबाबदारीही घ्यावी लागते, असा त्यांच्या मागणीचा आशय होता. पुढे झालेल्या बहुतेक आचारसंहितांमध्ये या दोन गोष्टी एकत्र आलेल्या दिसत नाहीत.

गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. ज्या संस्थांत त्यांनी काम केले, त्यांपैकी न्यू इंग्लिश स्कूल पुण्यात 1880 मध्ये सुरू झाले, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय. सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे, महिना पंचाहत्तर रुपयांच्या आसपासच्या वेतनावर काम करायचे, असा संकल्प होता. सरकारी नोकरीत गेले असते तर याच माणसांना कितीतरी पट अधिक मिळाले असते. काही वर्षांतच प्रश्न उभा राहिला : आजीव सदस्याने शाळा-महाविद्यालयाबाहेरचे काम करावे का, आणि त्यातून मिळालेले उत्पन्न कोणाचे? सहसंस्थापक बाळ गंगाधर टिळक यांचे मत असे की सदस्याचा सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेची आहे. आगरकर आणि अन्य सहकाऱ्यांना तुटपुंज्या वेतनावर संसार चालवताना थोडी मोकळीक हवी होती. 1890 मध्ये आजीव सदस्य असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा वाद टोकाला गेला आणि टिळकांनी राजीनामा दिला.

या वादात व्यक्तिमत्त्वांचा आणि समाजसुधारणेविषयीच्या मतभेदांचा भाग मोठा होता, हे खरे. तरीही मराठी मुलखात शिक्षकांनी आपल्या पेशाच्या नीतीवर आपसांत, गंभीरपणे आणि किंमत मोजून केलेली ही एक मोठी चर्चा आहे. तिच्यातला प्रश्न आजही मिटलेला नाही. शिक्षकाने शेती पाहावी का, विमा विकावा का, पतसंस्थेचे संचालकपद घ्यावे का, निवडणुकीत कोणाचा प्रचार करावा का, या सर्व प्रश्नांचे मूळ 1890 च्या त्या वादात आहे. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तोलले तर एक गोष्ट ध्यानात येते. टिळकांनी मोजमाप धरले ते त्यागाचे आणि आगरकरांच्या बाजूने धरले ते गरजेचे. बाहेरच्या कामामुळे वर्गातल्या विद्यार्थ्याचे नेमके काय कमी होते, हा तिसरा प्रश्न मागे पडला. व्यावसायिक नीतीचे खरे माप तोच प्रश्न आहे.

पुढे 1919 मध्ये याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय काढले. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्याआधी सांगली भागातील दूधगाव येथे सहकाऱ्यांच्या मदतीने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालवण्याचा प्रयोग त्यांनी केला होता. साताऱ्यात ते खासगी शिकवण्या घेत आणि लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत. 1924 मध्ये संस्था साताऱ्याला आली. सर्व जातींची मुले जिथे एकत्र राहत, एकत्र जेवत, त्या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. बोर्डिंगमधील मुलांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. 1935 मध्ये प्राथमिक शिक्षक तयार करण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज निघाले आणि पुढच्या काळात खेड्यापाड्यांत पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा उघडल्या. शाळा नसलेल्या गावी जाऊन राहायचे, देवळात किंवा चावडीत वर्ग भरवायचा आणि गाव देईल त्यावर भागवायचे, असे त्या शाळांतील शिक्षकांचे जीवन होते. कर्मवीर भाऊरावांबरोबर काम केलेले आणि पाटण तालुक्यातील रामपूरचे बापूजी साळुंखे यांनी 1954 मध्ये श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या शिक्षकांना ‘गुरुदेव कार्यकर्ते’ म्हटले गेले आणि सत्य, शील, प्रामाणिकपणा, त्याग व पिळवणुकीला आळा ही तत्त्वे संस्थेने आपल्या कामाचा पाया मानली. शिक्षकांसाठी एका संस्थेने लिहून ठेवलेली ही संहिताच होय.

या वारशाबद्दल दोन्ही जिल्ह्यांत रास्त अभिमान आहे. मात्र त्यातून एक गैरसमजही पसरला आहे : चांगला शिक्षक म्हणजे त्यागी शिक्षक. पहिल्या पिढीच्या त्यागावाचून इथली शाळा उभीच राहिली नसती, हे निर्विवाद आहे. पण त्याग हा व्यक्तीचा गुण आहे. तो पेशाचा नियम होऊ शकत नाही. पुरेसा पगार घेणारा, घरसंसार सांभाळणारा, सुटीत गावी जाणारा शिक्षकही पूर्णपणे नीतिमान असू शकतो. उलट आयुष्य संस्थेला वाहिलेला शिक्षक वर्गात मुलांमध्ये भेदभाव करीत असेल, तर तो नीतीने चुकलेलाच आहे.

यासाठी साताऱ्यातलेच उदाहरण पाहावे लागते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. आज ही शाळा छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या नावाने ओळखली जाते, आणि 2017 पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. साताऱ्यातील शाळकरी दिवसांविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. इतर मुले तहान लागली की नळावर जात. त्यांना मात्र शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर पाणी नाही.

त्या शाळेतील शिक्षक आळशी नव्हते, अज्ञानी नव्हते, लाचखाऊही नव्हते. ते वेळेवर येत असतील, अभ्यासक्रम पूर्ण करीत असतील. त्यांनी सेवेचा कोणताही नियम मोडला नाही. एका मुलाला तहानलेले ठेवणे त्या काळच्या नियमांत बसत होते. आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुटीत आपल्या शिदोरीतील भाकरी-भाजी त्या मुलाला देत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. तसे करा, असेही त्यांना कोणत्या नियमाने सांगितले नव्हते. नियमपालन आणि नीती यांतील अंतर दाखवणारा याहून स्पष्ट दाखला शोधण्यासाठी परदेशी ग्रंथ चाळण्याची गरज नाही. शिक्षक प्रशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात तो शिकवला गेला पाहिजे. जातीचे गोणपाट आज दिसत नसले, तरी कोणत्या मुलाला पुढे बसवायचे, कोणाच्या वहीवर लाल शाईने सविस्तर लिहायचे, स्नेहसंमेलनात कोणाला भूमिका द्यायची, कोणत्या आडनावाच्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवायची, हे निर्णय शिक्षक आजही रोज घेतो आणि त्यांवर कोणाची देखरेख नसते.

शिक्षकांची नीती लिखित स्वरूपात आणण्याचे जागतिक प्रयत्न 1966 च्या युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या संयुक्त शिफारशीपासून ठळक होतात. आचारसंहिता शिक्षकांच्या संघटनांनी तयार करावी, असे त्या शिफारशीत म्हटले आहे. भारताच्या 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनांनी आचारसंहिता तयार करून तिच्या पालनाकडे लक्ष द्यावे, अशी अपेक्षा ठेवली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2010 मध्ये शालेय शिक्षकांसाठी संहिता मांडली. विद्यार्थी, पालक व समाज, आणि पेशा व सहकारी अशा तीन दिशांनी तीत कर्तव्ये सांगितली आहेत. महाविद्यालयीन प्राध्यापकांची संहिता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 आणि 2018 च्या विनियमांत आहे.

कायद्याची चौकट या भारतीय संहितांहून जुनी आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत. खासगी शाळांसाठी 1977 चा महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालील 1981 ची नियमावली आहे. या नियमावलीत कारवाईस पात्र ठरणाऱ्या गोष्टींमध्ये गैरवर्तन, नैतिक अधःपतन आणि कर्तव्यातील हेतुपुरस्सर हयगय यांच्यासोबत अकार्यक्षमताही आहे. वारंवार सूचना आणि सोयी देऊनही आपले ज्ञान अद्ययावत न ठेवणे, हा त्या अकार्यक्षमतेचाच एक प्रकार मानला आहे. ज्या शिक्षकाने नोकरी लागल्यापासून नवे पुस्तक उघडलेले नाही, त्याचे वर्तन कायद्याच्या दृष्टीनेही निर्दोष नाही, ही बाब बहुतेक शिक्षकांना माहीत नसते. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाची कर्तव्ये कलम 24 मध्ये सांगितली : नियमित आणि वेळेवर हजेरी, ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रमाची पूर्तता, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा मार्गदर्शन, पालकांशी नियमित संवाद.

वेळेवर हजेरी ही साधी गोष्ट वाटते. जावळी तालुक्यातील खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात असत, याची दखल 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन घेतली होती. पाणी आणि जंगल ओलांडून मुले वर्गात येऊन बसली असतील, तर तिथे शिक्षकाच्या उशिराला कोणतेही समर्थन उरत नाही.

विद्यार्थ्याप्रति असलेल्या कर्तव्यांत त्याच्या शरीराची आणि मनाची सुरक्षितता सर्वांत आधी येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे. छडी बऱ्याच अंशी गेली. पण सर्वांसमोर ‘ढ’ ठरवणे, घरच्या गरिबीवर बोलणे, भावंडांशी तुलना करणे हे प्रकार सवयीने चालू राहतात आणि करणाऱ्याला ते छळ वाटतही नाहीत. लैंगिक अत्याचाराबाबत 2012 च्या पोक्सो कायद्याने शिक्षकावर निश्चित जबाबदारी टाकली आहे. असा गुन्हा घडल्याचे समजल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेतील कर्मचाऱ्यानेच गुन्हा केल्यास तो अधिक गंभीर स्वरूपाचा मानला जातो. ‘शाळेचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण गावातच मिटवणे हा गुन्हा आहे आणि पेशाशी केलेला सर्वांत मोठा द्रोहही आहे. मुलाची ओळख उघड होऊ न देणे हीदेखील त्याच कायद्याची आज्ञा आहे. शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर मुलांचे गुण, फोटो आणि घरगुती अडचणी सहज टाकणाऱ्यांनी गोपनीयतेचा विचार एवढ्या गंभीरपणे केलेला नसतो.

मूल्यमापनात शिक्षकाच्या हाती खरी सत्ता असते, म्हणून तिथे नीतीची कसोटी कडक लागते. सातारा आणि सांगली जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. दहावीचा राज्याचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये शाळेने द्यायचे अंतर्गत गुण भाषा आणि सामाजिक शास्त्रांसाठी बंद झाले आणि निकाल 77.10 टक्क्यांवर आला. ते पुन्हा सुरू झाल्यावर 2020 मध्ये तो 95.30 टक्के लागला. 2019 ला अभ्यासक्रम नवा होता आणि 2020 मध्ये करोनामुळे भूगोलाची परीक्षा रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले, हे लक्षात घेऊनही अंतर्गत गुणांचा या चढउतारातला वाटा नाकारता येत नाही. वीसपैकी अठरा-एकोणीस सरसकट देणारा शिक्षक मुलांवर दया करीत नाही. जो विद्यार्थी खरोखर अठरा गुणांचा आहे त्याचे श्रम तो पुसून टाकतो आणि ज्याला मदत हवी होती त्याची अडचण झाकून ठेवतो. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध 1982 चा स्वतंत्र कायदा आहे. तरीही कॉपीमुक्तीची मोहीम दरवर्षी नव्याने राबवावी लागते, यातून पर्यवेक्षकाच्या खुर्चीत बसलेल्यांविषयी काही कठोर निष्कर्ष निघतातच.

खासगी शिकवणीचा प्रश्न याच सत्तेशी निगडित आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 28 शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई करते. त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. संध्याकाळी पैसे घेऊन जे शिकवायचे ते सकाळी वर्गात राखून ठेवण्याचा मोह, आणि शिकवणीला येणाऱ्या मुलाला गुण देताना होणारा पक्षपात, या दोन्हींमुळे वर्गातील उरलेली मुले वाऱ्यावर पडतात. पाटील मास्तरांच्या शिकवणीत हा हितसंबंधांचा गुंता नव्हता. ते कोणत्या शाळेचे पगारी शिक्षक नव्हते. आज कनिष्ठ महाविद्यालयांच्या पातळीवर हा गुंता वेगळ्याच थराला गेला आहे. विद्यार्थी दिवसभर अकॅडमीत असतो आणि महाविद्यालयाच्या हजेरीपटावर मात्र तो हजर दाखवला जातो. विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी घेण्याचा आदेश शासनाला 2018 मध्ये काढावा लागला. खोटी हजेरी मांडणारा हात शिक्षकाचाच असतो, आणि सोळा वर्षांच्या मुलाला त्यातून जो धडा मिळतो तो कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या तासाने पुसता येत नाही.

आपले विद्यार्थी कोण आहेत हे जाणून घेणे, हेही कर्तव्यच आहे. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत. मराठी शाळांतही घरी कन्नड बोलणारी मुले बसतात. साखर कारखान्यांच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबे कृष्णाकाठी येतात आणि त्यांच्या मुलांची शाळा मध्येच सुटते. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वंचित वस्तीतील मुलांच्या भाषेपासून सुरुवात करून प्रगत शिक्षण संस्था आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन उभे केले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी 2010 नंतरच्या दशकात ज्ञानरचनावादी पद्धतीने काम केले आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येत राहिले. या प्रयत्नांमागची नैतिक भूमिका एकच आहे : मूल शिकत नसेल तर प्रथम शिकवण्याची पद्धत तपासायची. त्या मुलाची जात, घर किंवा डोके यांना दोष देऊन मोकळे व्हायचे नाही.

शिक्षकाकडून एवढे मागणाऱ्यांनी त्याला काय दिले, हाही प्रश्न नीतीचाच आहे. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन 2023 मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार रुपये झाले. विनाअनुदानित शाळांत अनेकांनी उमेदीची वर्षे पगाराविना घालवली. नेमणुकीसाठी पैसे मोजावे लागतात ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिच्यावरील उपाय म्हणून 2017 मध्ये शिक्षकभरतीची ‘पवित्र’ प्रणाली आणली गेली. शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आल्यावर 2022 मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे भरून जो वर्गात शिरतो त्याच्याकडून प्रामाणिकपणा शिकवला जाईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. आणि पैसे मागणारा संस्थाचालक त्याच्याहून अधिक दोषी आहे. अशैक्षणिक कामांना कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच मुभा दिली आहे. 2005 आणि 2019 च्या महापुरांत सांगलीच्या शाळा पूरग्रस्तांची निवारा केंद्रे झाल्या, आणि हे काम कोणीही टाळू नये. पण रोजची माहिती, फोटो आणि तक्ते भरण्यात जाणारा वेळ मुलांच्या वाट्यातून कापला जातो.

मुख्यालयी राहण्याच्या अटीचे उदाहरण अधिक बोलके आहे. शिक्षकाने नेमणुकीच्या गावी राहावे, अशी अट आहे आणि घरभाडे भत्ता तिच्याशी जोडलेला आहे. अनेक वाड्यांमध्ये भाड्याने मिळण्यासारखी खोलीच नसते. मग राहत असल्याचा दाखला कागदावर तयार होतो, ग्रामपंचायत तो देते, कार्यालय तो स्वीकारते आणि सर्वांना खरी स्थिती ठाऊक असते. जी व्यवस्था प्रामाणिक माणसाला दरवर्षी एका असत्यावर सही करायला लावते, ती त्याची इतर बाबतींतली नीतीही हळूहळू पोखरते. अट व्यवहार्य करावी, नाही तर रद्द करावी. शिक्षकानेही खोटा दाखला देण्याऐवजी लेखी हरकत नोंदवावी.

उल्लंघन झाल्यास न्याय कसा व्हावा, याचा विचार 1981 च्या नियमावलीत बारकाईने केला आहे. शिक्षकाविरुद्धच्या चौकशी समितीत तीन सदस्य असतात. एक व्यवस्थापनाचा, एक त्या शिक्षकाने स्वतः सुचवलेला खासगी शाळेतील कर्मचारी आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून. शिक्षा अन्याय्य वाटल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पेशातील आदरणीय व्यक्तीने पेशातील माणसाचा न्याय करावा, ही कल्पना उत्तम आहे. पण ही समिती मोठ्या शिक्षेची वेळ आल्यावरच बसते. त्याआधीच्या शेकडो लहान प्रश्नांवर, गुणांच्या सवलतीवर, सहकाऱ्याच्या चुकीबद्दल बोलावे की गप्प राहावे या पेचावर, सल्ला देणारी कोणतीही जागा शिक्षकाला आज उपलब्ध नाही.

ती जागा शिक्षकांच्या संघटनाच निर्माण करू शकतात. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षकांच्या स्वतःच्या बँका आहेत, संघटनांची बांधणी तालुक्यापर्यंत पोहोचलेली आहे आणि जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च 2023 च्या संपात त्यांनी आपली ताकद दाखवली आहे. 1966 च्या शिफारशीने आणि 1986 च्या धोरणाने आचारसंहितेचे काम त्यांच्याकडेच सोपवले होते. दोन्ही जिल्ह्यांतील संघटनांनी निवृत्त आणि कार्यरत शिक्षकांची एक नीती समिती नेमावी, तिच्याकडे शिक्षकांना नाव न सांगता सल्ला मागता यावा आणि तिचे निर्णय वर्षाकाठी छापले जावेत. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.